वळणावरची ओळ

यंदा ओळ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली, तेव्हा मी हातातलं पातेलं दाणकन खाली ठेवलं आणि बाहेर येऊन ओरडले, "अहो, बास झालं आता! पुढची गाडी काय माझ्या चुलीवर आणून ठेवणार आहात?"

आमचे मिस्त्री म्हणजे माझे यजमान. ते तसे बोलतच नाहीत. साखळीने ओढून आणलेल्या त्या पांढऱ्या गाडीचं तोंड त्यांनी रस्त्याकडे वळवलं, चाकांखाली दगड लावले आणि हात पुसत आत निघून गेले. पुढून गाडी पार चेपली होती. मागच्या काचेत मात्र झोपायची छोटी उशी जशीच्या तशी पडलेली होती. माझा राग कुठच्या कुठे गेला.

आमचं वर्कशॉप गावाच्या तोंडाशीच आहे. डेंटिंगचं काम. ठोकलेली, चेपलेली गाडी आणायची, पत्रा ठोकून सरळ करायचा, रंग मारून परत द्यायची. टेकडीवरून रस्ता सरळ उतरत येतो आणि आमच्या आवाराला वळसा घालून एकदम उजवीकडे वळतो. ज्याला वळता येत नाही तो आमच्याकडे येतो, असं आमचे मामंजी म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. वर्कशॉप त्यांनीच काढलेलं. एक नियमही त्यांनीच घातला होता. गाडीत माणूस गेला असेल तर त्या गाडीला हातोडी लावायची नाही. सरळ करायची नाही, कापायची नाही, भंगारात द्यायची नाही. घरचे लोक अशी गाडी परत न्यायला बहुतेक येतच नाहीत. मग ती आवाराच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून उभी करायची. "माणूस गेला आणि आपण गाडी ठोकून नवी करायची? मग तो गेला याची खूण काय राहिली?" असं त्यांचं म्हणणं.

मी लग्न होऊन आले तेव्हा ओळीत अशा दोन-तीनच गाड्या होत्या, गंजलेल्या. वर्षाला एखादी यायची. एखादं वर्ष अगदी कोरडं जायचं, आणि मामंजी वर्षाच्या शेवटी ओळीपाशी उभे राहून समाधानाने मिशीवरून हात फिरवायचे. मग रस्ता डांबरी झाला. मग रुंद झाला. मग इतका गुळगुळीत झाला की टेकडीवर सोडलेला चेंडू थेट आमच्या दारात यावा. लोक म्हणाले, आता अपघात संपले. झालं उलटंच. वर्षाला दोन झाल्या, मग चार, मग मी मोजायचं सोडून दिलं, कारण मोजायची गरजच नव्हती. ओळ नुसती सरकत होती. आधी चिंचेपर्यंत आली, मग नळापर्यंत, आणि आता खिडकीपर्यंत.

ओळीत नवी गाडी दिसली की अख्खं गाव विचारत यायचं, कोण गेलं? समोरचा चहावाला सगळ्यांत आधी. सूतक असल्यासारखा खाली मान घालून उभा राहायचा. त्यामुळे गावात कोण गेलं, कधी गेलं, हे आमच्या दारात कळायचं.

दुसरा ताप वेगळाच होता. वळणाशी आलं की प्रत्येक गाडी हळू व्हायची आणि आतली सगळी तोंडं माझ्या घराकडे वळायची. मी भाजी चिरतेय, बघा. मी केस विंचरतेय, बघा. लहान पोरं तर काचेला नाकं चिकटवून बघायची. मी खिडकीतून हात उडवायचे, "काय बघता मेल्यांनो? तमाशा आहे का इथे?" शेवटी जाड पडदा लावला. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावायची वेळ आली.

हे सगळं मी सोसलं असतं हो. पण माझी मुलगी रोज याच रस्त्याने येते. बबी. टेकडीपलीकडच्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. संध्याकाळी कारखाना सुटला की स्कूटर घेऊन उतारावरून अशी येते की जणू मागे वाघ लागलाय. तिच्या अंगाला गोड वास येत असतो आणि माझ्या अंगाला घाम सुटलेला असतो. ती दारात येईपर्यंत माझा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागेवर. तिथे पुढची गाडी येणार हे मला माहीत असतं. कोणाची, एवढंच माहीत नसतं.

त्या पांढऱ्या गाडीनंतर आठवड्याभरात नगरपालिकेने सभा बोलावली. आम्हालाही निरोप आला. मिस्त्रींनी धुतलेला शर्ट घातला होता, पण त्यांच्या नखांतलं ग्रीस काही धुऊन जात नाही. ते खुर्चीत बसणार तेवढ्यात शिपायाने लगबगीने खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं. सगळ्यांनी पाहिलं. मिस्त्री त्या कागदावर अवघडून बसले आणि सभा संपेपर्यंत तो कागद चुरचुरत राहिला.

फौजदार उभे राहिले आणि त्यांनी वर्षाचा हिशेब सांगितला. गेली काही वर्षं अपघात वाढतायत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण यंदा मरणाऱ्यांची संख्या एकदम दुप्पट झाली, असं ते म्हणाले. माझ्या शेजारच्या बाईने तोंडावर हात ठेवला. एवढंसं आमचं गाव. एवढी माणसं गेली आणि आपण चहा पितोय, भाजी घेतोय, भांडतोय. मला खरंच धक्का बसला. माझ्या दारातून गेलेली माणसं, पण सगळी एकदम मोजलेली मी कधी ऐकली नव्हती.

"आणि निम्मे अपघात या एका वळणावर," फौजदार म्हणाले.

मग नगराध्यक्ष बोलायला उठले. गोरेगोमटे, गोड बोलणारे. "मी स्वतः बघितलंय," ते म्हणाले. "चालकाचं लक्ष त्या मोडक्या गाड्यांकडे जातं. रस्त्यावरची नजर हटते. गावात शिरताना पाहुण्यांना पहिलं दर्शन होतं ते मढ्यांचं! मिस्त्री, ती सगळी रांग काढून टाका. पुढून छान पत्र्याचं कुंपण घाला, आम्ही रंगवून देतो. नाहीतर वर्कशॉपच दुसरीकडे हलवावं लागेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मीही मान डोलावली. गाड्या वळणाशी बघत जातात हे मी रोज बघत होते की! बघतात म्हणून आपटतात, हे माझ्या डोक्यात चपखल बसलं. शिवाय खिडकी मोकळी होणार होती.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. ऊन असं की पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसावा. मिस्त्रींनी गॅस कटर लावला आणि मामंजींच्या काळातल्या पहिल्या गाडीपाशी बराच वेळ नुसते उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही."

"अहो, मामंजी असते तर त्यांनीही ऐकलं असतं. सगळ्या गावाचा प्रश्न आहे."

"असते तर," ते म्हणाले आणि डोळ्यांवर काळा चष्मा ओढला.

ठिणग्या उडायला लागल्या. ते कापायचे, मी तुकडे ओढून बाजूला लावायचे. क्रेनवाला मदतीला आला होता. तो दरवाजे उचलून रचायचा. पाठीचा काटा ढिला झाला माझ्या. हातमोजे घालूनही बोटं सोलली. मिस्त्रींच्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक फोड आले होते, ते त्यांच्या लक्षातच नव्हते. रोज आंघोळीच्या पाण्याला गंजाचा रंग यायचा.

कापायच्या आधी गाडीच्या आत हात घालून बघायचं काम माझं. तेच नको व्हायचं. एका गाडीत कंगवा मिळाला, केस अडकलेला. एकात पोराचा एकच बूट. शाळेतल्या बाईंची निळी गाडी होती. बबी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. पुढच्या खणात त्यांच्या चष्म्याचं घर मिळालं, आत चष्मा नीट घडी घालून ठेवलेला. मी ते घर पदरात घेतलं आणि नळापाशी जाऊन बसले. क्रेनवाला म्हणाला, "मावशी, पाणी प्या." मी म्हटलं, "पिते रे, तू तुझं काम कर." बाईंच्या मुलाकडे ते घर पोचवलं तेव्हा त्याने दारातच घेतलं, मला आत या म्हणाला नाही. त्याचंही बरोबर होतं.

भंगारवाल्याचा ट्रक आला आणि सगळं घेऊन गेला. इतक्या वर्षांची माणसं एका खेपेत गेली. मोकळ्या जागेत लांबच लांब चौकोनी डाग राहिले, तिथे गवत नव्हतं. मिस्त्रींनी खांब रोवले, पत्रे ठोकले. मग पालिकेचा पेंटर आला. त्याने हिरवळ काढली, मोठी पिवळी फुलं काढली, वर लिहिलं, "आमच्या गावात आपले स्वागत असो". नगराध्यक्षांनी कुंपणापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. मी पडदा काढून टाकला. ओट्यावर ऊन आलं, इतक्या वर्षांनी. मी डबे घासून उन्हात मांडले आणि मजेत गुणगुणत होते. बबी म्हणाली, "आई, तुला तर लॉटरीच लागली." आता वळणावर कोणी हळू होत नव्हतं, कोणी माझ्या घरात बघत नव्हतं. गाड्या सुसाट जात होत्या.

कुंपणाचा रंग वाळून थोडेच दिवस झाले असतील. दुपारी मी धुणं वाळत घालत होते. आधी टायर किंचाळले, मग असा आवाज झाला की माझ्या हातातली चादर गळून पडली. पत्रे फाडून एक टेम्पो सरळ आवारात आला आणि कंप्रेसरला धडकून थांबला. कोंबड्यांचा टेम्पो. जाळ्या फुटलेल्या, कोंबड्या सगळीकडे. चालक फुलांच्या पत्र्यावर फतकल मारून बसला होता, कपाळातून रक्त. मिस्त्रींनी त्याला पाणी पाजलं.

"अरे, एवढं मोठं वळण दिसलं नाही?"

"कुठलं वळण?" तो म्हणाला. "मला वाटलं बाग आहे. रस्ता बाजूने सरळ जातोय असंच वाटलं."

तो वाचला, म्हणून आम्ही हसलोसुद्धा. दोन दिवस कोंबड्या पकडत होतो. मिस्त्रींनी पत्रे ठोकून सरळ केले, पेंटरने फुलं परत काढली.

नंतर मोटरसायकलवरचं जोडपं आलं. त्याचं मी काय सांगू. मी धावत गेले तेव्हा तो कुंपणाच्या खांबाशी पडला होता आणि काही करायचं शिल्लक नव्हतं. ती मात्र धडधाकट, रस्त्यावर बसलेली, साडीची घडीही फारशी मोडलेली नाही. माझा हात धरून म्हणाली, "अहो काकू, यांची एक चप्पल सापडत नाहीये. बघा ना जरा कुठे पडली. अनवाणी चालवत नाही त्यांना." मी चप्पल शोधायला गेले. खरंच गेले! पत्र्याखाली वाकून, गवतात हात घालून शोधत राहिले, कारण तिच्याकडे परत कोणत्या तोंडाने जायचं ते कळत नव्हतं. चप्पल सापडली, तेव्हा मी ती छातीशी धरून तिथेच रडले.

मोटरसायकल ठेवायला ओळ नव्हती. फौजदार ती चौकीत घेऊन गेले.

त्यानंतर दूधवाला गेला. मग कॉलेजमधली दोन पोरं, मग आणखी कोण कोण. मिस्त्री पत्रे सरळ करत होते, पेंटर फुलं काढत होता. एका सकाळी फौजदार एकटेच आले. टोपी काढली आणि बाकावर बसले. नेहमी ताठ बोलणारा माणूस, पण आवाज बसलेला.

"मिस्त्री, कुंपण घातल्यापासूनचं सांगतो. गेल्या अख्ख्या वर्षात या वळणावर जेवढे गेले, तेवढे आताच झालेत. अजून वर्ष निम्मंही सरलं नाही."

मी उंबऱ्यावरच बसले.

"असं कसं?" मिस्त्री म्हणाले. "गाड्या तर काढल्या."

"तेच मला कळत नाहीये," फौजदार म्हणाले.

कळलं आम्हाला बबीमुळे. त्याच संध्याकाळी ती घरी आली, हात धुतले, पानावर बसली. मी तिला वाढायला वाकले आणि तिच्या बाहीवर पिवळा रंग दिसला. कोपरापासून खांद्यापर्यंत लांब पट्टा.

"हे काय गं?"

"काही नाही. कारखान्यातलं असेल."

"तुमच्या कारखान्यात बिस्किटं करतात की फुलं काढतात?"

मी बाहेर धावले. स्कूटरचा डावा आरसा नव्हता. मुठीवर, पुढच्या पत्र्यावर तोच पिवळा रंग, आमच्या कुंपणाचा. मी आत येऊन तिची बाही धरून मिस्त्रींना दाखवली. मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

"नुसतं घासलं, आई. पडले नाही."

"रोज येतेस तू इथून! रोज! आंधळी झालीस?"

मग बबीलाही रडू फुटलं. "मला नाही कळत! आधी बाईंची निळी गाडी दिसली की माझा हात आपोआप ब्रेकवर जायचा. वरूनच दिसायची. ती सगळी ओळ दिसली की मी हळू व्हायचे. सगळेच व्हायचे. आता वरून काही दिसतच नाही. नुसती फुलं दिसतात. वळण आलं हे कळेपर्यंत वळण आलेलं असतं."

मला एकदम त्या गाड्यांच्या काचांना नाकं चिकटवलेली पोरं आठवली. माझ्या घरात कोण बघत होतं? कोणाला पडली होती माझ्या भाजीची? ओळ बघून ते हळू होत होते, आणि मी खिडकीतून त्यांना हाकलत होते. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मिस्त्री उठले, बाहेर गेले आणि स्कूटरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

सकाळ होताच ते नगराध्यक्षांकडे गेले, कुंपण काढू द्या म्हणाले. ते हसले. "मिस्त्री, फुलं बघून माणूस मरतो का? पुढच्या सभेत घेऊ विषय." पुढची सभा वर्षाने. मिस्त्री परत आले, जेवले नाहीत. बबीला मी म्हटलं, चालत जा. ती चालत कशी जाणार? टेकडीपलीकडे आहे कारखाना. "हळू येईन, शप्पथ," म्हणाली आणि गेली.

"काहीतरी उभं करा हो तिथे," मी मिस्त्रींना म्हटलं.

"काय उभं करू? सगळं कापून दिलं."

दुपारी मी पाणी भरत होते. मिस्त्रींच्या हातोडीचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. खालून लोखंडी ठोकळा धरून वरून टकटक, टकटक, घाई नसलेला. पण त्या दिवशी धाड, धाड असा आवाज यायला लागला. मी बादली टाकून पळाले.

आमची जीप होती. मोडक्या गाड्या ओढून आणायची, मामंजींपासूनची. दरवर्षी मिस्त्री तिला रंग द्यायचे, स्वतःच्या अंगाला लावणार नाहीत इतकं तेल तिला लावायचे. तिच्यावर पक्षी बसला तरी ओरडायचे. त्याच जीपच्या बॉनेटवर ते घण घालत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. आयुष्यभर चेपलेलं सरळ करणारा हा माणूस चांगली गाडी चेपत होता.

"अहो! डोकं फिरलं का?"

"बाजूला हो, काच उडेल."

"मामंजींची जीप आहे ती!"

"म्हणूनच," ते म्हणाले आणि दिवा फोडला.

मग थांबले, दोन पावलं मागे आले, मान वाकडी करून बघितलं. "खरं वाटतंय का? डाव्या अंगाने धडक बसली तर मडगार्ड इतकं वर राहत नाही. आत गेलं पाहिजे." आणि पुन्हा घण घातला, अगदी कारागिरासारखा, जिथे हवा तिथेच. मी वेड्यासारखी बघत होते. मग मलाही काय झालं कोण जाणे, दगड उचलला आणि पुढच्या काचेवर मारला. काचेला जाळी पडली. फार बरं वाटलं.

"छान मारलास," मिस्त्री म्हणाले.

आम्ही दोघांनी कुंपणाचे पत्रे उपसले. फुलं, हिरवळ, स्वागत, सगळं उपटून मागे टाकलं. जीप ढकलत पुढे आणली, तोंड रस्त्याकडे केलं, चाकांखाली दगड लावले. वरून एक ट्रक येत होता. तो टेकडीवरच हळू झाला. मागची मोटार हळू झाली. वळणावरून रांगत गेली दोन्ही. ट्रकच्या चालकाने आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला. मी मिस्त्रींना पाण्याचा तांब्या दिला. आम्ही जीपच्या मागे सावलीत टेकलो. माझा जीव भांड्यात पडला होता.

तेवढ्यात कोणीतरी हंबरडा फोडला. चहावाला. दूध आणायला गावात गेला होता, परतताना जीप दिसली आणि चपला टाकून अनवाणी धावत आला होता. जीपच्या तोंडावर डोकं टेकवून, "मिस्त्री, अहो मिस्त्री, काल तर माझ्याकडे बसला होतात हो!" असा रडत होता. मिस्त्री मागून उठून म्हणाले, "अरे, काय झालं?" तो असा किंचाळला की चिंचेवरचे कावळे उडाले.

"मेलं नाही कोणी!" मी ओरडले. "उगाच रडू नकोस!"

"मग ओळीत मिस्त्रींची जीप कशी?"

मी हसणार होते. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच गोठलं. ओळीत गाडी म्हणजे माणूस गेलेला. आमच्याच घरचा नियम, आणि आम्हा दोघांनाही त्याची आठवण राहिली नव्हती. कारखाना सुटला होता. बबी निघाली होती.

"अहो, बबी!"

मिस्त्रींच्या हातून तांब्या पडला. मी फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना उचलायचा नाही, ही शपथ मीच तिला घातलेली. मी चढणीवर धावत सुटले, पायातल्या सपाता निसटल्या, खडी टोचत होती. हात हलवत, ओरडत. बबी, बबी, काही नाही गं, काही नाही!

स्कूटर टेकडीवर दिसली. रोज वाऱ्यासारखी येणारी पोरगी हळू झाली. आणखी हळू झाली. मग अर्ध्या उतारावर थांबलीच. स्कूटर तिने उभीसुद्धा केली नाही, हातातून सोडून दिली आणि ती चालायला लागली. मी समोर होते, ओरडत होते, पण तिला मी दिसत नव्हते. माझ्या खांद्यावरून तिची नजर नुसती जीपवर. चेहरा पांढराफटक. मी तिला धरलं, तर मला ओलांडून पुढे गेली.

जीपच्या मागून मिस्त्री आले. घाईत काय उचललं कोण जाणे, हातात घण.

बबी रस्त्यातच खाली बसली. मग उठली, धावत गेली आणि बापाच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. "हे काय केलंत बाबा! मला वाटलं तुम्ही... मला वाटलं... असं करतात का? असं कोणी करतं का?" मिस्त्री मार खात उभे राहिले. त्यांनी घण खाली ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, ग्रीसचा, घामाचा.

"ब्रेक कुठे दाबलास?" त्यांनी विचारलं.

"बाबा!"

"सांग ना. कुठे दाबलास? वरच?"

"वरच!" ती हुंदके देत ओरडली. "वरच! दिसली तेव्हाच!"

मिस्त्रींनी डोळे मिटले. दोनदा मान हलवली. "मग कोणी काही म्हणो. ही इथनं हलणार नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांनाही रडू आलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हासुद्धा नाही.

बबीची स्कूटर रस्त्यात आडवी पडलेली. तिच्या मागे गाड्या थांबत होत्या, एकामागून एक, पार टेकडीपर्यंत. कोणी हॉर्न वाजवला नाही. चहावाल्याने स्कूटर उचलून कडेला घेतली, तशा गाड्या निघाल्या, वळणावर अगदी सावकाश. प्रत्येक काचेतून तोंडं बाहेर बघत होती. मोडक्या जीपकडे, रडणाऱ्या पोरीकडे, तिच्या बापाकडे, आणि अनवाणी, केस सुटलेल्या माझ्याकडे. मी पदर सावरला नाही की तोंड फिरवलं नाही.

"बघा," मी म्हटलं. "बघा मेल्यांनो, नीट बघा."